आमटी "उतरली" म्हणजे नक्की काय झालं? (नासणे, विटणे, कुजणे, सडणे... आणि भ्रष्टाचार)

वऱ्हाडी_ठसका

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. माहेर अमरावती, सासर रत्नागिरीजवळ. होळीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट, आदल्या दिवशीची कटाची आमटी उरली होती, दुपारी सासूबाई मागच्या पडवीतून ओरडल्या, "अगं ती आमटी उतरलीये गं". मला वाटलं गॅसवरून उतरवलीये म्हणजे वाढायला घ्यायची, म्हणून मी छान वाटी भरून सासऱ्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी एक भुरका मारला, थांबले, माझ्याकडे बघितलं, परत वाटीकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता तांब्याभर पाणी प्यायले. मग सासूबाई आत आल्या आणि कपाळाला हात.

तर उतरली म्हणजे खराब व्हायला लागली हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरी सरसकट एकच शब्द, "खराब झालं", फार तर "वास मारतोय". इथे मात्र प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द आणि चुकीचा वापरला की नणंद हसते. दूध नासतं, भाजी विटते, भात आंबतो, लाकूड कुजतं, खोबरं खवट होतं. मी एकदा "दूध सडलं" म्हणाले तर दोन दिवस चिडवत होते.

आता खरा प्रश्न. नवरा परवा पेपर वाचताना म्हणाला "सगळी सिस्टीम सडलीये", त्यावर सासरे म्हणाले, "सडत नाही रे, कीड लागते, हे सडणं-बिडणं तुमच्या टीव्हीवाल्यांचं मराठी." दोघांचा वाद जेवण संपेपर्यंत चालला. तर (एक) हे शब्द कुठे कुठला वापरायचा त्याला काही नियम आहे का, (दोन) माणसाचं बोलणं "कुजकं" असतं पण "सडकं" का नसतं, आणि (तीन) लाच खाण्याला "भ्रष्टाचार" का म्हणतात, त्यात सडण्याचं काही आहे का? जाणकारांनी सांगा, सासऱ्यांना दाखवायचंय.

माजघर

आमटीचं वाचून हसून हसून पुरेवाट. सासरे सज्जन आहेत गं, आमच्याकडे असतं तर वाटी अंगणात गेली असती.

नियम वगैरे मला नाही सांगता येणार पण स्वयंपाकघरातला क्रम सांगते. उतरणं ही पहिली पायरी. म्हणजे अजून वास नाही, चवीत काहीतरी कमी झालंय, जिभेच्या टोकाला कळतं पण नाकाला नाही. उकळी देऊन खाणारे खातात. दुसरी पायरी आंबणं, आता नाकाला कळतं. तिसरी म्हणजे तार सुटणं, भातात बोट घालून वर उचललं की कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा येतो, तिथे विषय संपला, फेका. भाजीला "विटली" म्हणतात ते उतरणं आणि आंबणं यांच्या मधलं काहीतरी, चव गेली रंगही गेला. विटणं रंगाला पण वापरतात ना, साडीचा रंग विटला, दागिना विटला. आणि मनाला. जीव विटला, वीट आला. म्हणजे माणूस पण भाजीसारखाच, एकदम नासत नाही, आधी रंग उडतो.

दूध मात्र फक्त नासतं. फाटतं पण म्हणतात हल्ली. नासणं म्हणजे नाश होणं, मागे फिरायची सोय नाही, आंबलेल्या पिठाच्या आंबोळ्या होतात, नासलेल्या दुधाचं परत दूध होत नाही (पनीर होतं हे माहितीये, कोणी लिहू नका). आंबवणं तर आपण मुद्दाम करतो, त्यामुळे तो शब्द तेवढा वाईट नाही. दिवसभर कपडे धुवून अंग आंबलं म्हणतो, ते अंग फेकून थोडंच देतो.

तेलकट गोष्टींना खवट. खोबरं, शेंगदाण्याचं कूट, जुना चिवडा. माणसाला पण म्हणतात खवट म्हातारा, आणि तो बरोबर तसाच असतो, आत तेल असतं पण जुनं झालेलं. पावाला बुरशी, त्यावरून बुरसटलेले विचार. रव्याला जाळी धरते, तांदळात पोरकिडे, गव्हात सोंडे, कडधान्याला टोके. आणि एक शब्द जो आता कोणालाच माहीत नाही, ताक कळकतं. पितळेच्या भांड्याची कल्हई गेलेली असली आणि त्यात ताक किंवा चिंचेचं काही राहिलं की हिरवट कडू चव येते, जिभेला अगदी चरचरतं, ते कळकणं. आजी ताक प्यायच्या आधी भांडं खिडकीशी नेऊन आत बघायची. स्टील आलं, कल्हईवाले गेले, शब्दही गेला.

दूध सडलं मात्र खरंच नाही म्हणत हं. नणंदेची बाजू घ्यावी लागतेय, सॉरी.

पाचट_पाटील

वरच्या ताईंनी किचन कव्हर केलं, मी रानातलं सांगतो कारण कुजणं आणि सडणं यातला फरक शहरातल्या लोकांना कळणं अवघड आहे, दोन्ही घाणच वाटतं त्यांना.

आमच्याकडे कुजणं ही चांगली गोष्ट आहे भाऊ. शेणखत कुजलेलंच पाहिजे, कच्चं टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आलीच म्हणून समजा. ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवून देत होते पूर्वी, आता सरीत दाबून कुजवतात. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवायचं जिवाणू कल्चर, एवढं टाकून पाणी दिलं की तीन-चार महिन्यात हातात घेतलं तर काळा चुरा, वास घेतला तर पहिल्या पावसाचा. बघा "कुजवणं" असं क्रियापदच आहे, माणूस पैसे घालून कुजवतो. कांदा कोण पैसे घालून सडवतो का?

सडणं म्हणजे पाणी सुटणं. चाळीतला (कांदा साठवायच्या शेडमधला) कांदा सडतो. पावसाळी हवेत एका कांद्याला पाणी सुटलं की तो शेजारच्याला लागतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि वास असा येतो की चाळीच्या दहा फुटांवरून कळतं आत काय झालंय. हात घातला तर बोटं आरपार जातात. त्यातून खत होत नाही, नुसता चिखल होतो.

आता यावर कोणी म्हणेल की हळदीच्या रोगाला कंदकूज म्हणतात, खोडकूज म्हणतात, मूळकूज म्हणतात, ती कुठे चांगली. बरोबर आहे, पण ती जमिनीखाली असते, दिसत नाही. पान पिवळं पडल्यावर कळतं आणि तेव्हा गड्डा गेलेला असतो. माझ्या मते कुजकं बोलणं हे तिथून आलं असणार. वरून हिरवंगार, नमस्कार चमत्कार, आणि खाली गड्डा गेलेला. सडकं बोलणाऱ्याचा वास दुरूनच येतो, कुजकं बोलणारा घरी जाऊन झोपल्यावर कळतं की अरे हा आपल्याला बोलून गेला. आमची एक आत्या आहे त्यातली, जाऊदे.

टोरांटोतला_टोण्या

अवांतर आहे पण राहवत नाही. इथे इंडियन स्टोअरमध्ये बायकोने पाकीट उचललं, त्यावर लिहिलेलं "हातसडीचा तांदूळ". शेजारी उभा असलेला आमचा गुजराती मित्र म्हणे, यार सडलेला तांदूळ पण एक्सपोर्ट करता तुम्ही लोक? त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले की हे सडणं वेगळं, उखळात मुसळाने कांडून कोंडा काढणं, सडीचे तांदूळ असडीचे तांदूळ वगैरे. शेवटी तो म्हणाला ठीक आहे पण पाकिटावर नाव बदला.

बागवाला_२१

आंब्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, धागा रत्नागिरीचा आहे आणि मार्च-एप्रिल जवळ आलाय.

आंबा नासतो. सडत नाही, कुजत नाही, नासतो. म्हणच आहे, एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. अढी म्हणजे पेंढ्यात आंब्याची घातलेली रास. रोज सकाळी अढी उलगडायची, हाताने चाचपायचं, देठाशी काळं पडलेलं फळ बाजूला काढायचं. माझे वडील डोळे मिटून चाचपायचे, म्हणायचे डोळा फसवतो, आंगठा फसवत नाही. (मनातली अढी पण हीच का माहीत नाही, पण ती मात्र कोणी रोज उलगडून बघत नाही.)

पण मला सांगायचंय ते साक्याबद्दल. हापूस वरून एकदम ए-वन. रंग, वास, वजन, साल, सगळं बरोबर. कापला की आत बाठीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट पट्टा. तो साका. बाहेरून कुठल्याही माणसाला कळत नाही, मी चाळीस वर्षं बागेत आहे मला कळत नाही. आणि ही कीड नाही, बुरशी नाही, कोणी बाहेरून येऊन खाल्लेलं नाही. उन्हाचा ताप, कातळाची धग आणि फळ झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलं की आतल्या आत बिघडतं. म्हणून आम्ही चौदा आण्याला आंबा काढतो, सोळा आणे झाडावर तयार होऊ देत नाही. जास्त पिकायच्या नादात आतून जातो. नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना जात काढली त्यात साका येत नाही, पण गिऱ्हाइकाला हापूसच पाहिजे.

तुमच्या सासऱ्यांना सांगा, सिस्टीम सडत नाही हे बरोबर, पण दर वेळी कीडच लागते असंही नाही. कधी कधी साका असतो. गिऱ्हाईक पेटी परत आणून आमच्या तोंडावर मारतं तेव्हा आमच्याकडे उत्तर नसतं.

कुडाळची_पोर

बागवाले काका एकदम भारी. आमच्या मालवणीत आंबो कुसता. कुसको नारळ, कुसको आंबो, आणि डोक्यान कुसको असलेलो माणूस पण. गोव्यात कोकणीत पण कुसप आहेच. नारळ फोडल्यावर कुसको निघालो तर आजी म्हणता देवान घेतल्यान, म्हणजे काहीतरी चांगलाच झाला. बाकी काय माहिती नाय, चालू द्या.

शब्दखोर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलोय. आयडी बघून कळलंच असेल की हा माझा आवडता विषय आहे, चहा घेऊन बसा.

भ्रष्टाचारात सडण्याचं काहीही नाही. भ्रंश् म्हणजे पडणं, घसरणं, जागेवरून ढळणं. पदभ्रष्ट म्हणजे पदावरून पडलेला, त्याने पैसे खाल्लेत असं नाही. गीतेत योगभ्रष्ट आहे, सहाव्या अध्यायात, तो बिचारा साधनेतून मध्येच सुटलेला आणि त्याला पुढचा जन्म चांगल्या श्रीमंत घरात मिळतो म्हणे. (आजचे काही भ्रष्ट बघता हे अगदीच चूक वाटत नाही.) अपभ्रंश त्यातलाच, उच्चार मूळ जागेवरून घसरला. इतो भ्रष्ट ततो भ्रष्ट, इकडूनही पडला तिकडूनही पडला. म्हणजे भ्रष्ट आचार = मार्गावरून घसरलेलं वागणं. इंग्रजीतला करप्ट पण मुळात सडलेला नाही, लॅटिनमध्ये तो मोडलेला, फुटलेला असा होता. तिकडे मोडतो, आपल्याकडे पडतो. आपण आता करप्ट हा शब्द बहुतेक पेनड्राइव्हसाठी वापरतो ते सोडा. सरकारी ऑफिसात "फाईल करप्ट झालीये" म्हटलं की दोन्ही अर्थ लागू होतात.

पण हे सगळं पुस्तकी झालं. कोणी आपापसात बोलताना "त्याने भ्रष्टाचार केला" म्हणतं का हो? म्हणतात, खाल्ले. किती खाल्ले, कुठे खाल्ले, खाऊन ढेकर पण दिला नाही. आणि एकदा हे लक्षात आलं की मराठीत जिकडे तिकडे जेवणावळच दिसते. पैसे खाणं, जमीन घशात घालणं, प्लॉट गिळणं, घोटाळा पचवणं, मलई, मलिदा, चिरीमिरी, चहापाणी, खाबूगिरी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे. कुंपणानेच शेत खाल्लं. पेपरवाल्यांचं लाडकं "भ्रष्टाचाराचं कुरण", म्हणजे तिथे चरायला सोडलेत. लाचखोर मधला खोर हा फारसी, त्याचा अर्थच खाणारा. आणि पोट बिघडलं तर अजीर्ण, म्हणजे जे जिरलं नाही ते. (जुना, जीर्ण, जिरणं, अजीर्ण ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. झिजून जुनं होणं आणि पोटात जिरणं याला आपल्या पूर्वजांनी एकच धातू वापरला, यावर वेगळा धागा काढायला हवा.)

कौटिल्य पण हेच करतो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तो सरकारी पैसा लांबवण्याच्या चाळीस तऱ्हा मोजतो, आणि पुढे म्हणतो की जिभेवर ठेवलेला मध किंवा विष चाखल्याशिवाय राहवत नाही, तसं राजाचा पैसा हाताळणाऱ्याला तो थोडा तरी चाखल्याशिवाय राहवत नाही. आणि पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो ते कळत नाही तसं अधिकारी पैसा कधी खातात ते कळत नाही. मध, विष, मासा, पाणी. सगळं तोंडाने आत जाणारं. सडण्याचा वास कुठेच नाही.

म्हणून तुमचे सासरे जिंकले असं माझं मत. कीड लागणं, वाळवी लागणं, पोखरणं, ही सगळी खाण्याचीच रूपं. मराठी माणसाच्या डोक्यात व्यवस्था आपोआप सडत नाही, तिला कोणीतरी खात असतं. सडली म्हटलं की दोष हवेचा, खाल्ली म्हटलं की तोंड शोधावं लागतं.

जाता जाता एक मजा. हिंदीत घूस म्हणजे लाच, घूसखोर म्हणजे लाच खाणारा. मराठीत घूस म्हणजे तो पायाखालची माती उकरणारा दांडगा उंदीर, आणि घुसखोर म्हणजे सीमा ओलांडून आत आलेला. हिंदी बातमी मराठीत करताना "अधिकाऱ्याला घुसखोरी करताना पकडलं" असं छापून येऊ शकतं, तरुण उपसंपादकांनी नोंद घ्यावी.

नेमकं_बोला

शब्दखोर, लेख छान पण वकिली एकतर्फी आहे.

सडणं टीव्हीने आणलं हे मला पटत नाही. तुरुंगात सडणं आहे, गावात सडत पडणं आहे, फाईल सडणं आहे. सगळीकडे एकच अर्थ, वस्तू जागेवर पडून राहते, कोणी हात लावत नाही. आजोबांच्या जमिनीच्या वारस नोंदीसाठी मी एका ऑफिसात अकरा महिने चकरा मारल्या. कोणी पैसे मागितले नाहीत, खरंच नाही मागितले. क्लार्क फक्त म्हणायचा, फाईल हलकी आहे हो, पंख्याच्या वाऱ्याने खाली जाते. मला पहिले तीन महिने हे कळलंच नाही, मी खरंच एकदा पेपरवेट घेऊन गेलो होतो. काचेचा, आत फूल असलेला. त्याने तो ठेवून घेतला, फाईल मात्र तिथेच. शेवटी वजन कसलं ते एका शिपायाने जिन्यात समजावलं. आता सांगा ती फाईल कोणी खात होतं का? कोणी खात नव्हतं म्हणूनच ती सडत होती. खाल्लं की हलते.

म्हणजे दोन्ही शब्द लागतात. एक हात खातो तेव्हा दुसऱ्या टेबलावर काहीतरी सडत पडलेलं असतं.

आणि "खाणं" हा शब्द मला फार लाडिक वाटतो. चहापाणी, चिरीमिरी, मलई, खाऊ. लहान मुलाला खाऊ देतो आपण. लाच हा त्यामानाने सरळ शब्द, संस्कृत लंचावरून आलेला, कायद्यात चालतो, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या बोर्डावर चालतो, तक्रारीला १०६४ वर फोन केला तरी चालतो. पण समोरासमोर कोणीच उच्चारत नाही. देणारा पण नाही.

निळी_शाई

सगळे खाण्यापिण्याचं बोलताय, जरा दुसरी बाजू.

भ्रष्ट म्हणजे घसरलेला हे संस्कृतात ठीक. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी घरात "भ्रष्ट झाला" म्हणजे लाच खाल्ली असा अर्थ कोणी घेतला नसता. भ्रष्ट झाला म्हणजे बाटला. ज्याच्या हातचं खायचं नाही त्याच्या हातचं खाल्लं, समुद्र ओलांडला, धर्म बदलला. आणि विटाळ, बाटणं, शिवणं हे सगळे शब्द वस्तू खराब होण्याचेच आहेत, फक्त इथे खराब काहीच झालेलं नसतं. वर माजघर ताईंनी सांगितलं तसं आमटीचं उतरणं जिभेला कळतं, आंबणं नाकाला कळतं. विटाळ कशाला कळतो? पाणी तेच, चव तीच, वास नाही, तार नाही.

१९२७ साली २० मार्चला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर हजारो लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी त्यात ओतून ते "शुद्ध" केलं. चांगल्या पाण्यात शेण ओतलं आणि त्याला शुद्ध म्हटलं. नासणं कशाला म्हणतात ते इथल्या शेतकऱ्याला, बागवाल्याला, बाईला नीट माहीत होतं, बोटाने चाचपून माहीत होतं, तरी.

संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाईंनी कितीतरी आधी विचारून ठेवलंय की देहाला विटाळ म्हणता, तर विटाळापासून वेगळा असा देह कुठला. माझी आजी हा अभंग म्हणताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, उत्तर अजून आलेलं नाही.

आणि "नासवणं" हा शब्द. दूध नासवलं, अढी नासवली, आणि "पोरीला नासवली". जुन्या माणसांच्या तोंडी सर्रास होता, अजून आहे. गुन्हा करणारा कोणी दुसरा आणि नासली ती. या शब्दाला तरी आता कल्हई नको, तो कळकलेलाच राहू दे, आणि वापरू नका.

शब्दखोर

निळी_शाई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि यायला हवं होतं. भ्रष्ट म्हणजे पडलेला असं मी मजेत लिहून गेलो, पण कोण पडलं हे ठरवणारा कोण होता तो प्रश्न राहिलाच. मग या शब्दाचा प्रवास उलटा बघायला मिळतो, आधी ज्यांनी दुसऱ्याला भ्रष्ट ठरवलं त्यांच्याच खुर्च्यांवर तो शब्द नंतर जाऊन बसला. पंचगव्याचा इलाज मात्र खुर्चीवर कोणी करत नाही.

नेमकं_बोला, पेपरवेटची गोष्ट कहर आहे. तुमचा मुद्दा मान्य, अर्धा. तुरुंगात सडणं जुनं आहे. "व्यवस्था सडली" हे अजून माझ्या कानाला टोचतं, पण कान माझे जुने.

पाचट_पाटील

एक राहिलं. मुरणं. लोणचं मुरतं, पाऊस जमिनीत मुरतो, आणि राजकारणात माणूस मुरतो. मुरलेला म्हणजे कौतुक पण असतं आणि शिवी पण. कुठेतरी पाणी मुरतंय म्हटलं की समजून जा. मला वाटतं मुरब्बी नेता हा पण त्यातलाच.

शब्दखोर

नाही हो, मुरब्बी अरबी आहे. वाढवणारा, सांभाळणारा, आश्रयदाता. आणि गंमत म्हणजे आवळ्याचा मुरब्बा पण त्याच अरबी धातूतून आलाय, पाकात सांभाळून ठेवलेलं फळ. म्हणजे मुरब्बी आणि मुरब्बा भाऊ, मुरणं शेजारी. पण शेजारी इतकी वर्षं एकत्र राहिले की आता चेहरे सारखे दिसायला लागलेत.

वऱ्हाडी_ठसका

बापरे, मी दोन दिवस आले नाही तर केवढं लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. रिझल्ट असे:

सासरे साक्यापाशी थांबले. परत वाच म्हणाले. परत वाचलं. मग म्हणाले मी किडीचं बोललो ते घाईत बोललो. नवऱ्याने लगेच जिंकल्यासारखं तोंड केलं तर त्याला म्हणाले, तू पण सडण्याचं घाईतच बोललास.

सासूबाईंचं म्हणणं माजघर ताईंचा क्रम बरोबर आहे पण एक पायरी सुटली. उतरायच्या आधी आमटी "बसते". म्हणजे वरचं पाणी आणि खालचा गाळ वेगळा होतो, ढवळल्याशिवाय एक होत नाही. ते दिसलं की तेव्हाच गरम करून संपवायची, उतरायची वाट बघायची नाही. आणि कळकणं ऐकून त्या उठून माळ्यावरून एक पितळेचं पातेलं घेऊन आल्या, कल्हई पार गेलेली, आतून लाल-हिरवं. म्हणाल्या हे बघ, यातलं ताक प्यायलो होतो आम्ही लग्नाच्या वर्षी, दोन दिवस झोपून होते सगळे, आणि तेव्हा सगळ्यांनी नव्या सुनेलाच धरलं होतं. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं मला. आमटीचा विषय तिथून पुढे घरात कोणी काढलेला नाही.

निळी_शाई, तुमचं वाचताना मध्ये कोणी बोललं नाही. नासवणं बद्दल सासूबाई म्हणाल्या खरंय, आणि बस.

पहिल्यांदाच_लिहितोय

नमस्कार, बॅचलर आहे, पुण्यात रूमवर राहतो. धागा सगळा वाचला, खूप ज्ञान मिळालं. पण माझा साधा प्रश्न आहे, आईने दिलेल्या कैरीच्या लोणच्यावर वर पांढरं पांढरं आलंय. ते मुरलंय, बुरसटलंय का नासलंय? फेकू का?

माजघर

चमचा ओला घातला होतास का? आणि तेल फोडींच्या वर बोटभर आहे का खाली गेलंय?

पहिल्यांदाच_लिहितोय

चमचा नाही, पोळीच घातली होती डायरेक्ट. तेल दिसत नाहीये, ते आधीच खाल्लं.

माजघर

फेक. आणि आईला सांगू नकोस.